साबण येण्यापूर्वीचा चेहरा

'साबण' हा शब्द मूळचा आपला नाही. तो अरबी 'साबून'वरून आपल्याकडे आला. पोर्तुगिजांचा साबणवाचक शब्दही त्याच कुळातला, त्यामुळे कोकणपट्टीत तो कानावर दोन्हीकडून पडला असणार. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (मूळचे आपल्या देवरुखचे!) यांनी रिठे, साबण आणि धोबी यांच्या इतिहासावर इंग्रजीत एक स्वतंत्र लेख लिहून ठेवला आहे. इसवी सनापूर्वी ३०० पासून इसवी सन १९०० पर्यंतचा पट त्यांनी त्यात घेतला. साबणासारख्या विषयावर एवढा खटाटोप करणारा माणूस आपल्यात होऊन गेला याचे मला कौतुक वाटते.

गोड्यांचा विषय मुख्यतः कपडे धुण्याचा. मला मात्र बरीच वर्षे दुसरेच कुतूहल आहे. साबण नव्हता तेव्हा लोक तोंड कशाने धूत? आणि ज्यांची कातडी नाजूक, जरा काही लावले की लाल होणारी, ते काय करीत? हा प्रश्न मला माझ्या जुन्या विद्यार्थिनी अजूनही विचारतात, फक्त त्यांचे शब्द वेगळे असतात. "बाई, फेसवॉशने चेहरा भाजल्यासारखा होतो, आणि चांगला म्हणून सांगतात तो परवडत नाही. घरगुती काही आहे का?" घरगुती आहे. पण 'घरगुती' म्हटले की लोक जे समजतात ते आणि घरात प्रत्यक्ष जे चालायचे ते यांत पुष्कळ फरक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझे बालपण पनवेलचे, साधारण १९५५ ते ६५ चा काळ. घरात वडिलांची आत्या होती, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. दिवाळीचे उटणे तीच करायची. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला कचरी, संत्र्याच्या वाळवलेल्या साली हे सगळे कुटून ती वस्त्रगाळ करायची. चाळणीने नव्हे, मलमलीच्या फडक्यातून. फडक्यावर जे राही ते पुन्हा खलात. आम्ही मुली कंटाळून म्हणायचो, "पुरे की आता!" तर ती चिमूटभर घेऊन आमच्या पापणीखाली लावायची आणि विचारायची, "टोचलं का?" टोचले तर पुन्हा कुटायचे. तिची कसोटी ती एवढीच.

उटणे वर्षातून चार दिवसांचे. एरवी तोंडाला मसुराचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, तेही रोज नाही. थंडीत त्यात साय, उन्हाळ्यात नुसते पाणी किंवा पातळ ताक. तान्ह्या बाळाला आधी तेल आणि मग साय घातलेले डाळीचे पीठ. (कुळथाचे पीठ कोकणात घरोघरी, पण ते पिठल्यासाठी. अंगाला लावायला ते खरखरीत. असे बारीक भेद कुठे लिहिलेले नव्हते, ते हातात होते.) रिठा आणि शिकेकाई केसांसाठी. त्यांचे पाणी तोंडावर येऊ नये म्हणून न्हाताना मान मागे टाकून बसवत. डोळ्यांत गेले की कसे झोंबते ते ज्यांनी अनुभवले त्यांना सांगायला नको.

ही आत्याआजी बालविधवा. लाल आलवण नेसायची. घरातल्या सगळ्यांसाठी उटणे करणारी ती स्वतः मात्र ते लावीत नसे. हळद तिला वर्ज्य, सुगंध वर्ज्य, अभ्यंग वर्ज्य. ज्ञान सगळे तिच्याकडे आणि वापरायची बंदी तिलाच! ती तोंड नुसत्या गार पाण्याने धुवायची, फार तर ताकाच्या निवळीने, आणि थंडीत रात्री खोबरेल तेलाचे बोट फिरवायची. तिचे हे वागणे लहानपणी मला साधे वाटायचे. पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर विधवांच्या प्रश्नावरचा धडा आला की मला आगरकरांच्या आधी हे उटणे आठवायचे.

आता पोथ्यांकडे वळू. आमच्या पनवेलला आयुर्वेद परका नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना इथेच १८७२ साली सुरू केला. 'धूतपाप' म्हणजे ज्याने पाप धुतले तो. लहानपणी मला वाटायचे की धुण्याशी संबंध आहे म्हणजे तिथे साबण करत असतील.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचा भाग आहे. तो वाचताना मी थबकले, कारण त्यात वनस्पतींची यादी तर आहेच, पण तिच्याइतकेच महत्त्व लेप लावायच्या रीतीला दिले आहे. लेप तीन प्रकारचे: दोष घालवणारा, विष घालवणारा आणि वर्ण सुधारणारा. जाडी बोटाच्या रुंदीच्या चतुर्थांश, तृतीयांश किंवा निम्मी. आणि मुख्य सूचना अशी की लेप तोंडावर वाळू द्यायचा नाही. वाळला तर तो कांती बिघडवतो. काढायच्या आधी पुन्हा ओला करायचा, मग काढायचा, आणि नंतर तोंडाला तेलाचा हात लावायचा. लेप असताना दिवसा झोपू नये, फार बोलू नये, विस्तवाजवळ किंवा उन्हात बसू नये. रागावू नये असेही आहे! सर्दी झालेल्याला, अजीर्ण झालेल्याला आणि रात्री जागरण केलेल्याला लेप नको.

ऋतूंप्रमाणे सहा लेपही दिले आहेत. उन्हाळ्यात कमळे, दूर्वा, ज्येष्ठमध, चंदन. वसंतात दर्भाची मुळे, चंदन, वाळा, शिरीष, बडीशेप आणि तांदूळ. शिशिरात सोललेले जव आणि तीळ वगैरे. यातल्या निम्म्या वस्तू आज बाजारात महागड्या डबीत मिळतील, निम्म्या कोणाच्याही परसात. मात्र 'वाळू देऊ नका' ही सूचना फुकट आहे आणि नेमकी तीच आपण विसरलो. मुलतानी माती किंवा बेसन थापून, ते खडखडीत वाळून तोंडाला भेगा दिसेपर्यंत बसायचे आणि मग घासून काढायचे, ही आजची पद्धत. वाळताना ते पीठ कातडीतला ओलावा ओढून घेते आणि कोरडे पीठ घासले की वरचा नाजूक थर सोलवटतो. ज्यांची त्वचा दणकट त्यांचे निभावते. नाजूक त्वचेच्या मुली मग म्हणतात, "मला बेसन सोसत नाही." बेसन सोसेलही, वाळलेले बेसन सोसत नाही.

राजघराण्यांत काय चालायचे तेही पाहायला मिळते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात (बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) स्नानाचे वर्णन आहे. याच ग्रंथात मराठीच्या अगदी जुन्या ओळी सापडतात म्हणून आम्हाला बी.ए.ला त्याचे नाव होते, स्नानाबद्दल मात्र कोणी सांगितले नव्हते. सुगंधी तेलाने मर्दन, मग सुगंधी चूर्णांनी ते तेल काढणे, मग पाणी, असा क्रम. राजाचा थाट बाजूला ठेवला तर क्रम तोच, जो आत्याआजी बाळाला लावायची. आधी तेल, मग पीठ, मग पाणी. पिठाने अंगावरचे जादा तेल आणि त्याबरोबर मळ टिपला जायचा, पण सगळे तेल निघत नसे. थोडे राहायचे आणि ते राहावे अशीच अपेक्षा होती.

साबणाचे उलटे. तेल किंवा चरबी आणि अल्क यांचा संयोग म्हणजे साबण. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर साबणाच्या पाण्यात लाल लिटमस बुडवून निळा करून दाखवायचे. आम्लता मोजायच्या पट्टीवर सात हा मध्य. निरोगी त्वचा पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. साधा साबण नऊ-दहावर. त्वचेच्या या आंबट आवरणाला १९२८ साली जर्मन संशोधक शाडे आणि मार्कियोनिनी यांनी नाव दिले. साबणाने तोंड धुतल्यावर ते ओढल्यासारखे होते, त्याला आपण 'स्वच्छ वाटतं' म्हणतो. प्रत्यक्षात त्वचेचे स्वतःचे तेल निघून गेलेले असते. बहुतेकांचे ते थोड्या वेळात भरून येते. नाजूक त्वचेला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण दुसऱ्यांदा साबण लावलेला असतो.

त्यात आमच्या गावचे पाणी. पनवेल तळ्यांचे गाव, वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशी नावेच सांगतात. पण खाडीच्या बाजूच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ व्हायचे. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, तोंडावर चिकट साका राहतो. पिठाला फेसाची गरजच नाही.

मग साबण आला तरी कसा? १८८८ मध्ये कलकत्ता बंदरात लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी उतरली. १८९७ मध्ये मीरतला नॉर्थ वेस्ट सोप कंपनी निघाली. परदेशी साबणात प्राण्यांची चरबी असे, म्हणून कित्येक घरांत तो सोवळ्यात चालत नसे. १९१८ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा 'चावी' साबण आणला तेव्हा ती अडचण सुटली आणि वर स्वदेशीचे पुण्यही! १९३१ मध्ये टाटा ऑइल मिल्सचा हमाम आला, १९३४ मध्ये लिव्हरचा शिवडीचा कारखाना सुरू झाला. १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. साबण लावणारी नटी आपल्यातलीच, मराठी रंगभूमीवरून आलेली. मला वाटते साबणाने खरी बाजी मारली ती इथे. त्याआधी साबण मळ काढायचा, आता तो रूप द्यायला लागला. आमच्या लहानपणी घरात एकच वडी असे, ती तुकडे करून वापरत, आणि पाहुणे आले की न्हाणीघरात नवी वडी ठेवत. पुढे टाटांचाच गोल मोती साबण दिवाळीच्या उटण्याशेजारी येऊन बसला, तो इतका की आता मुलांना उटण्याशिवाय दिवाळी कल्पता येते, मोतीशिवाय नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण जुन्या पद्धतींचे गोडवे गाताना ती नेहमी वगळतात. डाळीचे पीठ तोंडाला लावणे हे सगळ्यांना परवडत नव्हते. ज्या घरात डाळ आठवड्यातून दोनदा शिजे, तिथे ती तोंडाला कोण फासणार? शाळेत कातकरीवाडीतून येणाऱ्या मुली मला सांगायच्या की घरी माती आणि राख, झाले. मुठीएवढे उटणे दिवाळीला मिळाले तर सण. साबणाची वडी स्वस्त झाली ही त्या घरांसाठी सुखाची गोष्ट होती, हे मान्य करायलाच हवे.

आणि पिठाच्याही आधी पाणी. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला, त्यानुसार महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. तरी प्रत्यक्षात अस्पृश्यांना तिथे जाऊ देत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळे 'शुद्ध' करण्यात आले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. महाड आणि पनवेल दोन्ही तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. मी हा धडा शिकवताना मुलांना विचारायचे, "आज सकाळी तोंड धुतलंत ना? ते पाणी कुठून आलं?" परवडणे हा शब्द मला तेव्हापासून केवळ पैशांचा वाटत नाही.

१९७५ हे वर्ष या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे. त्या साली फेअर अँड लव्हली बाजारात आले, आणि त्याच साली पेंढरकरांच्या विको कंपनीचे हळदीचे क्रीम. विकोचा उत्पादन शुल्क खात्याशी वाद झाला की हे प्रसाधन की औषध. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषध हेच ठरले. आत्याआजीच्या डब्यातल्या हळदीचे पुढे असे न्यायालयात नाव निघेल असे कोणाला वाटले असते? पण मला सलते ते दुसरे. या काळापासून चेहरा धुण्याचा हेतूच बदलला. आत्याआजीने कधीही "याने गोरी होशील" असे म्हटले नाही, ती म्हणायची "तोंड मऊ राहील". आता प्रत्येक गोष्टीला, अगदी बेसनालाही, गोरेपणाचे वचन चिकटले. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून 'फेअर' गेले, मनातून जायला वेळ लागेल.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, नववीतली, सावळी, तरतरीत. लग्न ठरायला अडचण येईल या काळजीने घरच्यांनी तिला कुठूनतरी एक मलम आणून दिले. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला, सगळे खूश. मग लाली, मग पुरळ, मलम बंद केले की आग. ऊन लागले तरी ती रडायची, वर्गात ओढणीने तोंड झाकून बसायची. मुंबईला त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिले तेव्हा कळले की त्या मलमात स्टेरॉइड होते. बरे व्हायला दीड वर्ष गेले. त्या दीड वर्षात डॉक्टरांनी तिला तोंड धुवायला काय सांगितले माहीत आहे? कोमट पाणी, टिपून कोरडे करणे आणि वर साधे, बिनवासाचे मलम. वर्गात हे ऐकून मला आत्याआजीचे गार पाणी आणि खोबरेलाचे बोट आठवले. अशा मलमांच्या सर्रास विक्रीविरुद्ध त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी दुकानात मागून मिळत नाही असे नाही.

तर आता ज्या मुली विचारतात त्यांना मी काय सांगते ते लिहिते. सकाळी तोंड नुसत्या पाण्याने धुतले तरी चालते. रात्री, दिवसभराची धूळ असते तेव्हा, एक चहाचा चमचा मसुराचे किंवा हरभराडाळीचे पीठ, फडक्यातून गाळलेले. किलोभर पिठाचे असे दोनशे चमचे होतात, हिशेब तुम्हीच करा. हातावर पाण्यात ताकाइतके पातळ कालवायचे, तोंडावरून बोटांनी फिरवायचे आणि लगेच धुवायचे. थापून बसायचे नाही. पंच्याने टिपायचे, पुसायचे नाही. तोंड अजून दमट असतानाच खोबरेल तेलाचा एक थेंब, पण मुरुमे येत असतील तर खोबरेल नको, ग्लिसरीन पाण्यात मिसळून. कालवलेले पीठ दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे नाही, आपल्या दमट हवेत ते रात्रीत आंबते. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचे, कारण डाळीचीही काहींना ॲलर्जी असते.

लिंबू नको. लिंबू लावून उन्हात गेले तर काळे डाग पडतात, भाजतेसुद्धा. खाण्याचा सोडा नको, तो साबणाच्याच बाजूचा. अक्रोडाची टरफले, साखर, मीठ घासणे नको, तोंड म्हणजे तळाला लागलेले पातेले नव्हे. आणि हळद चिमटीपेक्षा जास्त नको.

ज्यांना पिठाने खाजते त्यांनी हट्ट धरू नये. साबण नसलेल्या वड्या आता मिळतात. अमेरिकेत १९५७ मध्ये डव्ह हा त्यातला गाजलेला प्रकार निघाला. महाग पडतात, पण चेहऱ्यापुरती वापरली आणि कोरड्या जागी ठेवली तर वडी पुष्कळ दिवस जाते. आणि चेहरा सतत लाल, खाजरा, सोलवटलेला असेल तर पीठ-पाणी बाजूला ठेवून सरकारी रुग्णालयातल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे. तिथला केसपेपर अजूनही फेसवॉशच्या नळीपेक्षा स्वस्त आहे.

वस्त्रगाळ करायला जुनी मलमल मिळत नसेल तर धुऊन मऊ झालेल्या सुती ओढणीचा तुकडा चालतो. दोन पदरी धरायचा. एका वेळी मूठभरच पीठ घ्यायचे, जास्त घेतले की फडक्यात गोळा होतो आणि खाली काही पडत नाही.